लोकर, सिंथेटिक आणि आर्नीचा कोट

ऑक्टोबर लागला की आमच्या दुकानातला फोन दिवसातून तीसेक वेळा वाजतो आणि त्यातले निम्मे लोक एकच प्रश्न विचारतात: लोकर घेऊ की सिंथेटिक? इथे अमेरिकेत, मिनेसोटामध्ये, हरणांच्या शिकारीचा सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो. आपली दिवाळीही पुष्कळदा त्याच सुमाराला येते. त्यामुळे आमच्या घरचे लाडू गेली एकोणीस वर्षं माझ्या मदतीशिवाय वळले जातात. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहिशील का, असं अंक काढणाऱ्या नलिनीताईंनी विचारलं तेव्हा बायको शेजारीच होती. ती म्हणाली, "लिहू दे. दिवाळीत तो नक्की कुठे असतो ते लोकांना एकदा कळू दे."

तर मी इथे असतो. आम्ही राहतो त्या ईडन प्रेरी गावाहून वीस मिनिटांवर शिकाऱ्यांच्या गरम कपड्यांचं एक दुकान आहे. बंदुका आम्ही विकत नाही. फक्त कपडे, बूट आणि हातमोजे. मी स्वतः शाकाहारी. घरात उंदीर निघाला तर मी खुर्चीवर चढतो आणि स्मिता, म्हणजे माझी बायको, झाडू घेते. पण कापड मला कळतं. वस्त्रतंत्राचा डिप्लोमा करून मी भारतात एका गिरणीच्या प्रयोगशाळेत कापड तपासायचं काम करत होतो. स्मिताच्या नोकरीमुळे इकडे आलो तेव्हा कापड तपासणारा माणूस मिनेसोटात कोणालाच नको होता. गॅरीच्या या दुकानाच्या दारावर 'सीझनपुरती मदत हवी' अशी पाटी होती. तो सीझन अजून चालू आहे.

बाहेरच्या माणसाला या कपड्यांची अडचण चटकन कळत नाही, म्हणून सांगतो. बर्फावर स्कीइंग करणारा माणूस सारखा हालचाल करत असतो. शिकारी तसा नाही. पहाटे सामान पाठीवर टाकून तो अर्धा तास झाडीतून चालतो, त्यात घामाघूम होतो, आणि मग मचाणावर जाऊन चार-चार तास पुतळ्यासारखा बसतो. गड चढून घामाने भिजायचं आणि वरच्या वाऱ्यात दुपारपर्यंत हलायचं नाही, असं समजा. फक्त या गडावर उणे सात अंश असतात. चालताना जो कपडा चांगला, तोच बसल्यावर चांगला असेल असं नाही. सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो, आणि हे वाक्य समजायला मला बारा वर्षं लागली.

पहिल्या वर्षीच मी एक तक्ता केला. प्रत्येक कपड्याचं कोरडं वजन, भिजवून पिळल्यावरचं वजन, आणि वाळायला लागलेला वेळ. घरच्या तळघरात फर्नेसशेजारी, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीशेजारी, दोरी बांधली, चकलीच्या भाजणीचा वजनकाटा खाली नेला. लोकरीचा शर्ट कोरडा ६२० ग्रॅम, भिजून ११५०. फ्लीस नावाचं जे मऊ केसाळ सिंथेटिक कापड असतं, त्याचा शर्ट कोरडा ३८०, भिजून ५६०. फ्लीस वाळायला दोन तास वीस मिनिटं. लोकर नऊ तास चाळीस मिनिटं. गॅरीने तो तक्ता मोठा करून काउंटरमागे लावला आणि मला 'प्रोफेसर' म्हणू लागला. गिऱ्हाइकांनीही तेच नाव उचललं.

तक्त्यात उणिवा होत्या, त्या गिऱ्हाइकांनी दाखवल्या. शेरिल नावाची एक नर्स महागातलं सिंथेटिक जॅकेट परत घेऊन आली. फाटलं नव्हतं, उसवलं नव्हतं.

"प्रोफेसर, हे घाल. घातलंस? आता कान खाजव."

मी हात वर नेला. चिवड्याची पिशवी उघडल्यासारखा कुरकुर आवाज झाला.

"गेलं," ती म्हणाली.

"काय गेलं?"

"माझं हरीण. तीन दिवस बसले होते त्याच्यासाठी."

लोकर आवाज करत नाही. मी तक्त्यात 'आवाज' असा रकाना वाढवला. मग एक जण शेकोटीजवळ बसून बाहीला वाटीएवढं वितळलेलं भोक घेऊन आला, तेव्हा 'आग' हा रकाना आला. सिंथेटिकच्या बाजूचे पुरावेही यायचे. एका गृहस्थांनी लोकरीची पँट गरम पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये टाकली आणि काउंटरवर ठेवून गंभीरपणे विचारलं, "ही परत ताणता येईल का?" ती पँट दहा वर्षांच्या मुलाला झाली असती. 'धुणं' हाही रकाना आला. पण पहिला, ठळक अक्षरांतला रकाना वाळण्याचाच राहिला, आणि गिऱ्हाइकाने फारच घोळ घातला तर मी त्याच्यावर बोट ठेवून फ्लीसच्या बाजूने निकाल द्यायचो.

त्याचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. मी चिपळूणचा. आमच्याकडे पावसाचे चार महिने कपडा वाळणं हीच कपड्याची परीक्षा. शाळेची चड्डी चुलीवर धरून, इस्त्री फिरवून, तरी ओलसरच घालायची. टेरिकॉटचा पहिला शर्ट घरी आला आणि रात्रीत वाळला, तेव्हा आईने तो शेजारणींना बोलावून दाखवला होता. चांगला कपडा कोणता? लवकर वाळतो तो. हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की ते तपासून बघायचं असतं हेच सुचलं नाही. इतर सगळं मी मोजलं; हे मात्र गृहीत धरलं.

आता आर्नी. वयाने माझ्या वडिलांसारखा, पण इथे सगळे नावाने, म्हणून मीही आर्नीच म्हणतो. पोस्टातून रिटायर झालेला, उंच, जरा वाकलेला. पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा अंगात वडिलांचा लाल-काळ्या चौकड्यांचा जाड लोकरी कोट होता. मी नजरेनेच वजन केलं: अडीच किलो. नंतर काट्यावर दोन किलो चारशे ऐंशी भरलं.

त्याने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. मग विचारलं, "तू यातलं काय घालतोस?"

"मी शिकार करत नाही. मी मांसही खात नाही."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "मग तुला खोटं बोलायचं काही कारणच नाही."

तेव्हापासून तो माझा माणूस झाला. दर ऑक्टोबरला यायचा, मोजे घ्यायचा, तासभर गप्पा मारायचा, आणि कोटाबद्दल माझे टोमणे ऐकून घ्यायचा. मी म्हणायचो, "आर्नी, हा भिजला तर वाळायला दीड दिवस लागेल." तो म्हणायचा, "मला कुठे जायचंय?"

शहात्तराव्या वर्षी त्याचा खांदा दुखायला लागला आणि कोट जड व्हायला लागला. त्या ऑक्टोबरला तो आला आणि म्हणाला, "ठीक आहे, प्रोफेसर. तू जिंकलास. दे तुझं प्लास्टिक." मी त्याला आतून बाहेरून सगळा सिंथेटिक संच दिला. सगळा मिळून त्या एका कोटापेक्षा हलका. मला फार बरं वाटलं. घरी येऊन मी स्मिताला सांगितलं की आज एका हट्टी माणसाला आकड्यांनी पटवलं.

सीझन सुरू झाल्यानंतरच्या बुधवारी त्याची बायको जॉईस दुकानात आली. तोवर मी तिला पाहिलंही नव्हतं. बुटकी, नीटनेटकी बाई. तिने जॅकेट घडी घालून काउंटरवर ठेवलं.

आर्नी शनिवारी मचाणापर्यंत चालत गेला होता. त्याला घाम आला होता. मग तो बसला. अकराला जावई बघायला गेला, तर आर्नी थरथरत होता, बोलणं जड झालं होतं आणि मचाणाचा सुरक्षापट्टा सोडवता येत नव्हता. बोटं चालत नव्हती. जावयाने पट्टा कापून त्याला खाली उतरवलं. एक रात्र हॉस्पिटलमध्ये काढावी लागली.

"आता बरा आहे," जॉईस म्हणाली. "तो म्हणतो, यात तुझी काही चूक नाही." मग जॅकेट माझ्याकडे सरकवून, "मी म्हणते, थोडी आहे."

मी पैसे परत करायला निघालो तर तिने हात आडवा केला. "पैसे नकोत. हे नेमकं काय झालं ते मला सांग. तो तुझं ऐकतो, माझं ऐकत नाही. पुढच्या वर्षी त्याला परत जायचंय. जाऊ नको असं सांगायचं असेल तर ते तूच सांग. जा म्हणायचं असेल तर तेही तूच सांग."

 माझा तक्ता माझ्याच पाठीशी लटकत होता.

त्या आठवड्यात मी तळघरात दोरीखाली जाऊन उभा राहिलो आणि पाच मिनिटांत चूक दिसली. माझे कपडे फर्नेसच्या उबेत वाळले होते. मचाणावर फर्नेस नसते. तिथे ओला कपडा वाळायला लागणारी ऊब आतल्या माणसाच्या अंगातून घेतो, आणि जो जितका भरभर वाळतो तो तितकी भरभर घेतो. लोकर वाळायला वेळ लावते म्हणजे ती ऊब सावकाश घेते. शिवाय पुष्कळशी ओल धाग्याच्या आत मुरवून ठेवते, अंगाला लागू देत नाही. हे सगळं मी डिप्लोमाला शिकलो होतो. त्याच्या आधी चिपळूणलाही पाहिलं होतं. घाटावरून उतरणारे धनगर भर पावसात घोंगडीची खोळ पांघरून उभे असायचे, वरून पाणी निथळत असायचं आणि आत माणूस बरा असायचा. आमच्या घरी एक घोंगडी होती. आई तिला शिव्या द्यायची, कारण ती चार-चार दिवस वाळायची नाही.

बारा वर्षं मी रिकामे कपडे मोजले होते. आता आत माणूस घालून मोजायचं ठरवलं. माणूस एकच उपलब्ध होता.

जानेवारी-फेब्रुवारीचे सहा शनिवार मी हा प्रयोग केला. पाठीच्या कातडीला चिकटपट्टीने थर्मामीटरची तार लावायची, एक कपडा घालायचा, पाठीवर बासमतीची दहा किलोची पिशवी घ्यायची आणि आमच्या गल्लीत अर्धा तास झपाझप चालायचं. मग मागच्या अंगणात बर्फात खुर्ची टाकून दोन तास बसायचं, हलायचं नाही, दर दहा मिनिटांनी आकडा लिहायचा. दुसऱ्याच शनिवारी शेजारणीने स्मिताला फोन केला. मला आतून ऐकू येत होतं.

"नाही, नाही, भांडण वगैरे काही नाही... हो, तो स्वतःहूनच बसलाय... हो, रोजच असा असतो." मग खिडकी उघडून मला, "अरे मोहन, लिंडा विचारतेय मी तुला घराबाहेर काढलंय का. निदान हसत तरी बस!"

मुलगी इरा कॉलेजातून आली होती. तिने काचेतून फोटो काढला आणि म्हणाली, "बाबा, सीरियसली, यू नीड अ हॉबी." मी म्हटलं, हीच आहे.

आकडे असे. चालून येऊन खुर्चीत बसताना कातडीचं तापमान दोन्हीकडे चौऱ्याण्णव फॅरनहाइट. घामाने भिजलेल्या फ्लीसमध्ये ते पन्नास मिनिटांत पंच्याऐंशीवर आलं, आणि तिथे मी थांबलो, कारण माझं अक्षर वाचता येईना. लोकरीत दोन तासांनी ते नव्वदवर होतं. पण सर्वांत चांगला आकडा तिसराच निघाला. सगळ्यांत पातळ सिंथेटिक शर्टावर, बटणं उघडी टाकून, मुद्दाम सावकाश चालत गेलो, खुर्चीपाशी तो ओला शर्ट बदलून कोरडा पातळ लोकरी शर्ट घातला, आणि त्याच्यावर जाड लोकर. दोन तासांनी ब्याण्णव. म्हणजे प्रश्न नुसता लोकर की सिंथेटिक असा नव्हता. चालताना काय आणि बसताना काय, असा होता. चालायला हलकं सिंथेटिक उत्तम. बसायला लोकर. आणि त्यांच्या मधे एक कोरडा शर्ट, जो कोणीच नेत नाही, कारण उणे सातमध्ये उघडं व्हायची कोणाची तयारी नसते.

मी जॉईसला फोन केला आणि सगळं सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं. मधेमधे "परत सांग" म्हणत होती. शेवटी विचारलं, "म्हणजे बसायला तो वडिलांचा कोटच."

"हो. पण अंगात घालून चालायचं नाही. पिशवीतून न्यायचा."

"त्या खांद्याने?"

यावर माझ्याकडे आकडा नव्हता. जावई पुढच्या सीझनच्या पहिल्या शनिवारी स्वतःच्या मुलीला तिच्या पहिल्या शिकारीला नेणार होता. तो रानाच्या दुसऱ्या टोकाला बसणार. कोट दोन किलो चारशे ऐंशी, त्यात बंदूक, थर्मास. मी विचार न करता बोलून गेलो, "मी नेतो."

 मग ती म्हणाली, "माझी एक अट आहे. रोज सकाळी मला कॉफी तो करून देतो. चोपन्न वर्षं. गेल्या वर्षी त्या दिवसानंतर आठवडाभर त्याच्या हातून कप सांडायचा. तू त्याला परत आण आणि तो कप माझ्या हातात न सांडता देऊ दे. नाही जमलं तर हा शेवटचा सीझन. त्याला मी हे सांगितलंय."

जावयाने उंच मचाण काढून जमिनीवरच लाकडी खोपटं बांधलं, दोन खुर्च्या मावतील असं. आणि त्या वर्षी सीझनचा पहिला दिवस नेमका पाडव्याला आला.

"पाडव्याला तू एका माणसाचा कोट वाहायला जाणार," स्मिता म्हणाली.

"हो."

"ठीक आहे. पण वर्षातून एकदा मी तेल लावते, ते चुकवायचं नाही. मी तीनला उठते."

ती उठली. तेल, उटणं, गरम पाणी, सगळं यथासांग. मग भडक नारिंगी बंडी घातलेल्या नवऱ्याला तिने पाटावर बसवून ओवाळलं. शिकाऱ्यांच्या रानात जाणाऱ्याला हा नारिंगी रंग घालावाच लागतो. "कोणी हरीण समजून मारू नये," ती म्हणाली, "म्हणून परत एकदा ओवाळते."

आर्नीच्या गावी पोचलो तेव्हा अंधारच होता. तो पायरीवर उभा होता. मी गाडीतून उतरलो तसा तो दोन पावलं मागे सरकला.

"प्रोफेसर, हा कसला वास?"

आणि मला कळलं. बिनवासाचा साबण, बिनवासाचं डिटर्जंट, शिकारीआधी दाढीचं लोशनसुद्धा नको: हे मी इतक्या वर्षांत किती हजार लोकांना सांगितलं असेल! हरणाला माणसाचा वास फार लांबून येतो. आणि मी नखशिखांत वाळा, कापूर आणि सुगंधी तेल लावून आलो होतो. मी त्याला आमचा सण, बायकोचं तेल, सगळं सांगितलं आणि म्हटलं, "मी कोट खोपटात ठेवून परत गाडीत येऊन बसतो."

तो हसायला लागला. इतका, की पायरीवर बसला. "पंचावन्न सीझन मी स्वतःला पाइनच्या पानांनी घासतोय," तो म्हणाला. "चल. मला एकट्याने बसायला बंदी आहे."

आम्ही सावकाश गेलो. चाल त्याच्या मर्जीची नव्हती, माझ्या घड्याळाची होती: दर पाच मिनिटांनी एक मिनिट उभं राहायचं. त्याला हे अजिबात आवडलं नाही. "पोस्टात मी यापेक्षा भरभर चालायचो." "पोस्टात तुला पुढे चार तास बसायचं नव्हतं." खोपटात मी त्याला शर्ट काढायला लावला. त्याने मला उद्देशून एक शब्द वापरला, जो मंडळाच्या अंकात छापत नाहीत. कोरडा शर्ट घातला, त्याच्यावर जाड लोकर, आणि मग मी पिशवीतून कोट काढून त्याच्या खांद्यांवर दिला. कोटाला ओल्या घोंगडीचा वास येत होता. माझ्या वासापुढे तो टिकला हे विशेष.

मग आम्ही बसलो. बोलायचं नव्हतं. उजाडलं. खारी आल्या, एक सुतारपक्षी आला. हरीण आलं नाही. येणारच नव्हतं. दर अर्ध्या तासाने तो हातमोजा काढून पाचही बोटं अंगठ्याला लावून मला दाखवायचा, शाळेत नखं दाखवतात तशी, आणि मी वहीत बरोबरची खूण करायचो. तिसऱ्या तासाला त्याची करंगळी पोचेना. मी थर्मासमधली कॉफी दिली, त्याने हात कोटाच्या आत काखेत धरले. दहा मिनिटांनी परत दाखवलं. पोचली. त्या दहा मिनिटांत मला मात्र जाड लोकरीतही घाम फुटला होता.

सव्वाअकराला आम्ही घरी आलो. जॉईस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. कॉफीमेकर बंद. ती सकाळपासून कॉफीशिवाय बसली होती, हे मला तेव्हा कळलं.

आर्नी कोटासकट ओट्याशी गेला. पाणी घातलं, पावडर घातली. यंत्र गुरगुरायला लागलं. त्याने कप काठोकाठ भरला, इतका भरायची काही गरज नव्हती, आणि चार पावलं चालून तिच्या हातात दिला. तिने आधी बशीत पाहिलं. बशी कोरडी होती.

एक घोट घेऊन ती माझ्याकडे वळली. "घरात हा गोड वास कसला येतोय?"

"हाच तो," आर्नी म्हणाला. "याच्यामुळे यंदा आपल्याकडे मटण नाही."

तक्ता मी सोमवारी काढला. नवा केला आहे. त्यात वाळण्याचा रकाना अगदी शेवटी, बारीक अक्षरात आहे. त्याच्या आधी 'चालताना' आणि 'बसताना' असे दोन मोठे. आता कोणी फोनवर विचारलं की लोकर घेऊ की सिंथेटिक, तर मी आधी विचारतो की किती चालणार आणि किती बसणार. काही लोक वैतागून फोन ठेवतात. जुना तक्ता पाहून आर्नीसारखे आणखी किती जण थंडीत बसले असतील, हा आकडा मला कधी कळणार नाही.

त्या दिवसाची नोंद वहीत अशी आहे. बाहेर: एकोणीस फॅरनहाइट, म्हणजे तेच उणे सात. बसलो: चार तास. बोटं: सात वेळा बरोबर, एकदा नाही, मग बरोबर. हरणं: शून्य. कप: भरलेला, सांडला नाही. कोट वाळायला लागलेला वेळ: मोजला नाही.